चारची किटली

किकाया टेकडीच्या पायथ्याशी आमचं दुकान.
शाळांचे गणवेश शिवतो: निळे स्कर्ट, खाकी चड्ड्या.
मी, पर्पेटुआ, काजं करते, गुंड्या लावते.
आडेके मशिनवर.
सुलेमान कोळशाची इस्त्री फिरवतो
आणि ठिणगी उडाली की कापडाची माफी मागतो.

रोज चारला चहा.
हीच आपली तिघांची सामाईक उपासना,
असं मी गमतीनं म्हणायचे.

त्या मार्चमध्ये किटली उपडी पडली.
सुलेमानचा रमजान लागलेला,
माझे ईस्टरआधीचे चाळीस दिवस
(मी फक्त साखर सोडली होती, तीही कुरकुरत),
आणि आडेके म्हणाली, माझेही उपास सुरू झाले.
"तुझे कसले?"
सहा वर्षं एका बाकावर बसून
मी हे कधी विचारलं नव्हतं.
बहाई म्हणजे वरच्या हिरव्या घुमटाची माणसं,
एवढंच ठाऊक.

तिनं दोऱ्याचं टोक ओठांशी न नेताच सुईत ओवलं.
एकोणीस दिवस, म्हणाली. उगवतीपासून मावळतीपर्यंत.
मग आमचं नवं वर्ष.
"आणि तुमचे फादर?" नाहीत.
"प्रवचन?" नाही.
"मग तिथं करता काय?"
"वाचतो. तुमचंही वाचतो."

मला ते आवडलं, आणि जरा खुपलंही.
आपली भांडी शेजारणीच्या फळीवर
घासूनपुसून लख्ख मांडलेली दिसावीत,
तसं.

सुलेमानला जास्त खुपलं.
इस्त्री उभी करून म्हणाला,
"आमचे पैगंबर शेवटचे. त्यांच्यानंतर कुणी नाही."
"आम्ही मानतो, नंतरही आले," आडेके म्हणाली,
"आणि पुढेही येतील."
आवाज कुणाचाच चढला नाही.
तेच वाईट होतं.
दोन दिवस दुकानात फक्त मशिन बोललं.

तिसऱ्या रात्री आमच्या गल्लीतली वीज गेली,
मी आडेकेकडे झोपायला गेले.
पहाटे पाचला तिचा फोन
एकदाच वाजून थांबला.
मी दचकून उठले: कोण गेलं?
"सुलेमान आहे. सहरीला उठला की मिस्ड कॉल देतो.
मला गजर ऐकू येत नाही ना.
माझा उपास सूर्य उगवल्यावर लागतो,
तोवर पोटभर खाऊन घे, म्हणतो."
"अगं, पण तुमचं भांडण?"
"आहे की," ती म्हणाली,
आणि कालचा मटोके गरम करायला ठेवला.

रविवारी त्यानंच आम्हाला टेकडीवर सोडलं,
भावाच्या मोटारसायकलवर, तिघं दाटीवाटीनं.
वर नऊ दारं.
आत ना मूर्ती, ना चित्र, ना पेटी.
माझा हात सवयीनं कपाळापर्यंत गेला
आणि तिथंच अवघडून राहिला.
कुणीतरी लुगांडात माझं शुभवर्तमान वाचलं,
लहानपणी आई वाचायची तोच उतारा,
पण आई अडखळायची तिथं ही बाई अडखळली नाही,
आणि मला आईचीच ओढ लागली.
मग कुराण. मग त्यांचं स्वतःचं, सगळ्यांत थोडं.

सुलेमान बाहेर गवतावर बसून होता.
आत ये, असं आडेके म्हणाली नाही.
का येत नाही, ते त्यानं सांगितलं नाही.
उतरताना मात्र विचारलं,
"आमचं वाचलं?"
"वाचलं."
"उच्चार?"
"तू असतास तर दोनदा उठून सुधारले असतेस."
तो हसला. पाच दिवसांनी.

वीस तारखेला तिचे उपास संपले.
त्याचे अजून नऊ दिवस होते.
एकवीसला चारच्या ठोक्याला
मी किटलीत पाणी घेतलं.
आडेकेनं ते ओतून दिलं, किटली परत उपडी घातली.
"तुझं तर संपलं!"
"संपलं."

आता पहाटे साडेचारला
मिस्ड कॉल तिच्याकडून जातो.

शेवटचा नबी कोण, ते अजून ठरलेलं नाही.
गणवेश वेळेवर गेले.
मी पडद्यामागे बिनसाखरेचा चहा पिते
आणि कप खाली ठेवताना
बशीवर बोट धरते.